वाटीसकट

म्हणे, बूटवाल्याने बायकोच्या भाचीच्या लग्नात इतक्या वाट्या हाणल्या, की शेवटी नवऱ्यामुलाच्या आजीच्या हातातली वाटीसुद्धा त्याने हिसकावून घेतली. म्हातारीने तोंड उघडलेलं, चमचा निम्म्या वाटेवर, आणि हा गृहस्थ मध्येच. कुणी सांगतं की त्याने चमचाही चाटून पुसून परत केला. कुणी सांगतं की तेव्हापासून आजी त्याच्यासमोर काही खायचं झालं तर भिंतीकडे तोंड करून बसते. आता कुठेही कार्य असलं आणि बूटवाल्याच्या हातात बशी दिसली, की बायका एकमेकींना कोपरानं ढोसतात, आणि कुणीतरी हळूच म्हणतं, "आजींना सांभाळा गं."

गंमत अशी की माणूस काडीसारखा. खाल्लेलं जातं कुठे, हा लोकांचा आवडता प्रश्न.

बूटवाला म्हणजे बुटांच्या दुकानाचा मालक नव्हे. मालक आले, गेले, दुकानाचा रंग बदलला, पाटी बदलली, पण समोरच्या बुटक्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकाचा पाय हातात घेणारा माणूस तोच राहिला. मिसरूडही फुटली नव्हती तेव्हा चिकटला तो आजतागायत. नुसता पाय बघून नंबर सांगायचा. चेहरे लक्षात राहायचे नाहीत, पाय राहायचे. रस्त्यात कुणी हाक मारली तर हा आधी खाली बघणार आणि मग ओळखीचं हसणार. "तुम्ही म्हणजे उजवा अंगठा जरा वर, नाही का?" असं म्हणून त्याने एकदा एका प्रतिष्ठित विधुराला चारचौघांत लाजवलं होतं. शिडीवर चढून छताला भिडलेली खोकी खाली आणायची ती हनुवटीपर्यंत रचून, एका हाताने. जन्मात त्याच्या हातून खोकं पडलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

त्याची बायको बिस्किटांच्या कारखान्यात होती. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक घाण्यातलं एक बिस्कीट तिच्यासमोर यायचं, ती ते मोडायची, नाकाशी न्यायची, आणि मान हलवायची. आडवी हलली की घाणा बाद. भट्टीशेजारच्या खिडकीपाशी तिचं टेबल होतं, आणि सगळ्या कारखान्यात तिला नाव पडलं होतं, 'नाक'. घरीदारीही तेच. तिची थोरली बहीण, म्हणजे ताई, लोण्याचं पाकीट घेऊन दोन रस्ते ओलांडून यायची, "हे जरा हुंगून दे गं, मला संशय येतोय." भाचीचं प्रेमप्रकरणही सगळ्यात आधी मावशीलाच कळलं. पोरीच्या स्कार्फला भलत्याच साबणाचा वास येत होता. मावशी एवढंच म्हणाली, "साबण बरा वापरतो."

अशी ही बाई एका हिवाळ्यात तापाने पडली. उठली ती वासाविना उठली.

बूटवाल्याला कळलं ते दूध करपल्यावर. तो दुकानातून आला तर जिन्यातच वास. वर येऊन बघतो तो ही ओट्यापाशी गुणगुणत काकडी चिरतेय, आणि हातभर अंतरावर पातेलं काळं ठिक्कर. तिने पातेल्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"कुणाला बोलायचं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"ताईलासुद्धा नाही."

"अगं, नाही म्हटलं ना."

डॉक्टर म्हणाले, परत येईल, न येईल, वाट बघा. तेव्हा दोघं वाट बघायला लागली. सकाळी दुधाचं पातेलं तो नाकाशी न्यायचा आणि मान हलवायचा. कारखान्यात ती बिस्कीट उजेडात धरून रंग बघायची, आवाज ऐकायची, आणि शेजारच्या भट्टीवाल्याच्या भुवयांवर नजर ठेवायची. घाणा बिघडला की त्याच्या भुवया आपसूक वर जायच्या. त्या बिचाऱ्याला वाटायचं, बाई आपल्याकडे फार बघते हल्ली. तो केस नीट विंचरून यायला लागला होता.

कारखान्यातल्या मोठ्या बाईंना कळलं असतं तर तिचं टेबल गेलं असतं, आणि पाठीमागच्या पॅकिंगच्या हॉलमध्ये तिची रवानगी झाली असती, जिथे बिस्किटं खोक्यात बंद होतात आणि कुणी कुणाला काही विचारत नाही. पण तिची भीती निराळी होती. एकदा भांडी घासता घासता ती म्हणाली, "नाक गेलं की मग मी कोण?"

"म्हणजे काय? तू ती तूच."

"तूच म्हणजे कोण, ते सांगा ना."

त्याने फडक्याने एकच ताट बराच वेळ पुसलं.

अशात भाचीचं लग्न ठरलं, आणि पोरीच्या डोक्यात आलं की स्वागत समारंभाला जेवण ठेवायचंच नाही. नुसतं गोड. आइस्क्रीम, कस्टर्ड, जेली, केक, फळं आणि क्रीम. बशा नाहीत, कागदाचे कप नाहीत. बिस्किटाच्या वाट्या करायच्या, घरी केलेल्या, त्यात आइस्क्रीम घालून हातात द्यायची, आणि लोकांनी खायचं ते वाटीसकट.

"आणि वाट्या कोण करणार?" बूटवाल्याने विचारलं. आतून त्याला उत्तर माहीत होतं.

"काका, घरात नाक असताना हा प्रश्न विचारता तुम्ही?"

ताईने तर त्यावर कडी केली. तिने परस्पर मोठ्या बाईंना आमंत्रण देऊन टाकलं. "त्यांनाही बघू दे," म्हणाली, "आमच्या घरचं माणूस त्यांच्याकडे काय उगाच खिडकीपाशी उभं नाही."

नाही म्हणायची सोय उरली नाही.

वाट्या करायचं काम दिसतं तेवढं साधं नाही. लोणी, साखर, मैदा आणि अंड्यातलं पांढरं एवढंच सरबरीत कालवायचं, ट्रेवर पातळ गोल पसरायचं, आणि कडा तांबूस व्हायला लागल्या की बाहेर काढून, गरम असतानाच, पालथ्या घातलेल्या स्टीलच्या वाटीवर थापायचं. श्वास आत घेऊन बाहेर सोडेपर्यंत ते कडक होतं. उशीर झाला की मोडतं, घाई केली की फाटतं. तिची बोटं पहिल्याच संध्याकाळी लाल झाली. बूटवाला शेजारी फडकं घेऊन उभा. त्याचं काम हुंगायचं.

"वास कसा आहे?"

"छान."

"छान म्हणजे? लोणी लागलंय का खाली?"

"नाही. म्हणजे चालेल."

"चालेल का छान? नीट सांगा."

"छान आणि चालेल."

"बुटापलीकडे काही कळतं का तुम्हाला," ती म्हणायची, पण हसून. खूप दिवसांनी हसत होती. तो मान खाली घालून मनापासून हुंगायचा, डोळे मिटून, नवखा माणूस प्रार्थना करतो तसा. खरं तर त्याचंही नाक काही भरवशाचं नव्हतं. उभा जन्म ज्याचा बुटांच्या खोक्यांत गेला, त्याला नव्या बुटाचा वास कधीच येत नाही. त्याच्या लेखी ती नुसती हवा. पण हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं. आपल्याला जे येत नाही ते माहीत तरी कसं असणार?

वाट्या देखण्या झाल्या. ओट्यावर ओळीने मांडल्या, झाकल्या, आणि सकाळी बघितलं तर सगळ्या मान टाकून पडलेल्या. हवेतली ओल पिऊन ओल्या पुठ्ठ्यासारख्या लिबलिबीत. पुन्हा केल्या, डब्यात ठेवल्या, तरी तेच. तिसऱ्यांदा तसंच झाल्यावर ती खुर्चीत बसली आणि भाजलेल्या बोटांवर फुंकर घालत राहिली.

त्या दिवशी दुकानात खोकं उघडताना बूटवाल्याला ती सुचली, जन्मातली पहिली युक्ती. बुटांच्या खोक्यात एक पुडी असते, ओल शोषून घेणारी. तिच्यामुळे बूट वर्षभर पडून राहिला तरी त्याला बुरशी लागत नाही. बुटाला ओल लागत नाही तर वाटीला कशी लागेल? संध्याकाळी तो घरी आला तो हनुवटीपर्यंत रिकामी खोकी रचून. बायकांची, पुरुषांची, लहान मुलांची, सगळ्या नंबरांची. त्यातला तो पातळ कुरकुरीत कागदही तसाच होता. एका खोक्यात दोन वाट्या, जोडीने, एक सुलटी एक उलटी, बूट ठेवतात अगदी तशा, वर कागद, कोपऱ्यात पुडी.

सकाळी तिने खोकं उघडलं, वाटीवर टिचकी मारली. टण्ण.

"तुमचं डोकं चालतं की हो," ती म्हणाली.

या एका वाक्यावर तो आठवडाभर जगला. झोपायच्या खोलीत भिंतीला लावून खोक्यांचा दुसरा मजला, तिसरा मजला चढत गेला, आणि तो अंथरुणावर पडून त्यांच्याकडे बघायचा. दुकान घरी आल्यासारखं वाटायचं. ती रोज विचारायची, "वास?" तो एखादं खोकं किलकिलं करून हुंगायचा आणि सांगायचा, "छान."

समारंभाच्या दिवशी दुपारीच खोकी हॉलवर पोचली. बूटवाला लांब टेबलामागे एकेक उघडून मोठ्या ट्रेमध्ये वाट्या मांडत होता. भाची नटूनथटून बघायला आली, त्याच्या खांद्याला लागून उभी राहिली, आणि तिने नाक मुरडलं.

"काका, आज नवे बूट का? जोरात आहेत."

त्याने खाली पाहिलं. पायात जुनेच होते, टाचा झिजलेले. तो काही बोलायच्या आत भाचीला कुणीतरी हाक मारली आणि ती गेली. बूटवाला तिथेच उभा राहिला. मग त्याने ट्रेमधली एक मोडकी वाटी उचलली आणि खाल्ली. नाकाला जे कळत नव्हतं ते जिभेला कळलं. आधी लोणी, मग साखर, आणि मग मागून सावकाश रबर, पुठ्ठा आणि तळ चिकटवायचं सोल्युशन. तोंडात दुकान उघडल्यासारखं झालं. त्याने दुसऱ्या खोक्यातली खाल्ली. तेच. लहान मुलांच्या खोक्यातली जरा सौम्य होती.

आता वाटेल की सरळ सांगून टाकावं, चूक माझी, खोकी मी आणली. त्याच्याही मनात ते आलं. पण पुढचा प्रश्न त्याला ऐकू येत होता. खोकी तुम्ही आणली, ठीक. पण इतके दिवस घरात होती, आणि नाकाला कळलं नाही? त्याचं उत्तर एकच होतं, आणि ते न सांगायचं त्याने वचन दिलं होतं.

तो ताईकडे गेला. "ताई, इथे हॉलच्या काचेच्या वाट्या आहेत. मी म्हणतो, त्यातच देऊ या."

ताईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जावईबुवा, माझ्या बहिणीने बोटं पोळून घेतली, आणि तुम्हाला काच आठवते?"

"नाही, म्हणजे आपलं, फुटायला नकोत."

"खायच्याच आहेत त्या. फुटल्या तर तोंडातच फुटतील."

मग त्याने सगळ्या वाट्या ट्रेमध्ये काढून छतावरचे पंखे भरपूर वेगाने सोडले, की वारं लागून वास उडेल. थोड्याच वेळात आइस्क्रीमवाला हातातला डाव उगारून आला. "पंखे कुणी लावले? माझं आइस्क्रीम वितळून खाली आलंय." पंखे बंद झाले.

शेवटी त्याने ठरवलं, पाडायच्या. सगळ्यात मोठा ट्रे दोन्ही हातांनी उचलला, पाहुण्यांच्या गर्दीतून निघाला, सतरंजीची कड बघून ठेवली आणि तिच्यात मुद्दाम पाय अडकवला. तो पुढे गेला, ट्रे कलला, वाट्या एका बाजूला सरकल्या, आणि कसं कोण जाणे, गुडघा वाकला, मनगट फिरलं, हनुवटी पुढे आली, आणि ट्रे पुन्हा सरळ. एक वाटी पडली नाही. हातांना पाडता येतच नव्हतं. आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. "वा काका, हाडाचे कसरतपटू आहात." त्याने ट्रे टेबलावर ठेवला आणि हातांकडे बघितलं, परक्याचे असावेत तसं.

तेवढ्यात ती शेजारी येऊन उभी राहिली. नवे कपडे, केसात चांदीची पिन, येणारा जाणारा कौतुक करतोय. लोकांकडे बघून हसत, ओठ न हलवता तिने विचारलं, "वास कसा येतोय?"

इथे त्याला सांगता आलं असतं. त्याने तोंड उघडलंही. समोर ताई, ताईसमोर सगळं गणगोत, आणि दारातून आत येत होत्या मोठ्या बाई, साखळीला चष्मा लटकावून.

"छान," तो म्हणाला.

"चालेल का छान?"

"छान."

लोकांनी वाट्या घेतल्या. आइस्क्रीम खाल्लं, वाटीचा तुकडा मोडला, चावला, आणि जरा थांबले. "वेगळीच चव आहे, नाही?" एकाने विचारलं. "बदामाचा अर्क असेल," दुसरा म्हणाला. "हल्ली असलंच महाग असतं," तिसऱ्याने निकाल दिला. चवीला नावं ठेवून अडाणी कोण ठरणार? बऱ्याच वाट्या रुमालात गेल्या, खुर्च्यांखाली गेल्या, एक तर फुलदाणीत सापडली. तोवर फार बिघडलं नव्हतं. एक माणूस सोडला तर त्या हॉलमध्ये वासावर बोट ठेवणारं कुणी नव्हतं, आणि तो माणूस म्हणजे मोठ्या बाई टेबलाच्या दिशेने सरकत होत्या, वाटेत नमस्कार घेत, सावकाश. काळे बूट, सपाट टाचांचे, त्याच्या दुकानाच्या समोरच्या दुकानातून घेतलेले. बूटवाल्याने तेवढ्यातही पाहून घेतलं.

आणि बूटवाला खायला लागला.

ट्रेमध्ये जेवढ्या उरल्या होत्या तेवढ्या. कोरड्या, आइस्क्रीम न घालता. एक तोंडात, एक हातात. जो माणूस चहासुद्धा बिनसाखरेचा पितो, तो टेबलामागे उभा राहून गाल फुगवून वाट्या रेटतोय, डोळ्यांत पाणी. आधी लोक हसले, मग गोल करून बघायला लागले. "काका, पाणी देऊ का?" "अहो, घरी काही मिळत नाही वाटतं." ताई दातओठ खाऊन पुटपुटली, "जावईबुवा, निदान आइस्क्रीम तरी घाला त्यात, शोभा होतेय." बायकोचं हसू तोंडावर तसंच चिकटून राहिलं होतं, नुसतं.

शेवटची वाटी उरली ती नवऱ्यामुलाच्या आजीच्या हातात. मोठ्या बाई तिच्याच शेजारच्या खुर्चीत टेकल्या. आजीने चमचा तोंडाकडे नेला, आणि शेजारी रिकाम्या हातांनी बसलेली पाहुणी पाहून थांबली. "तुम्ही घ्या हो," म्हणाली, "मला मेलीला दातच नाहीत," आणि वाटी पुढे केली. मोठ्या बाईंचे हात वर आले. त्या दोन हातांच्या मधून बूटवाल्याने ती वाटी उचलली आणि उभ्या उभ्या तोंडात कोंबली. क्रीम हनुवटीवरून शर्टवर ओघळलं.

आजीचा चमचा हवेतच राहिला.

ताई लालबुंद होऊन पुढे आली. "बाई, तुम्ही मनावर घेऊ नका. आमचे जावई जरा तसेच आहेत. तुमच्यासाठी मी मुद्दाम वेगळं काढून ठेवलंय." ती टेबलाखाली वाकली आणि तिने एक न उघडलेलं खोकं काढलं. पुरुषांच्या बुटांचं, मोठ्या नंबराचं. बूटवाल्याचं तोंड भरलेलं होतं. त्याने हात पुढे केला, पण मध्ये ताई होती, आजी होती, खुर्ची होती.

मोठ्या बाईंच्या अगदी नाकाखाली ताईने झाकण उघडलं.

त्यांनी वाटी उचलली. सवयीने मोडून तुकडा नाकाशी नेला. मग खोक्याकडे पाहिलं, खोक्यावरच्या नंबराकडे पाहिलं, आणि शेवटी टेबलाशी उभ्या असलेल्या तिच्याकडे. ती आतुरतेने हसत होती, शाळेतल्या मुलीसारखी, मान किंचित पुढे काढून.

"सुंदर झाल्यात," मोठ्या बाई म्हणाल्या. दोन्ही तुकडे त्यांनी रुमालात गुंडाळले. "घरी नेऊन सावकाश खाईन."

परतताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघतच म्हणाली, "तुम्ही गोड खात नाही."

"हं."

"मग?"

"भूक लागली होती."

"माझं नाक कापलंत चारचौघांत," ती म्हणाली. त्याने पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला आणि समोरच्याच्या चपलांकडे बघत राहिला.

पुढच्या आठवड्यात ती कारखान्यातून आली ती डोक्याला निळी टोपी बांधून. पॅकिंगमधल्या बायका बांधतात ती.

"बदलून घेतलं," ती चपला काढता काढता म्हणाली. "त्या खिडकीपाशी उभं राहून पाय दुखतात फार. मीच म्हटलं मोठ्या बाईंना."

पॅकिंगच्या हॉलमध्येही दिवसभर उभंच राहावं लागतं, हे त्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, "बरं केलंस." दुसऱ्या दिवशी त्याने दुकानातून तिच्या नंबराचे मऊ तळाचे बूट आणले, खाली बसून तिच्या पायात घातले, अंगठ्यापाशी दाबून पाहिलं. बूट तिने घातले, ते रोज घालते. खोकं मात्र तिने त्याच पावली उचललं आणि जिन्याच्या बाहेर नेऊन ठेवलं.

तो मात्र खादाड ठरला तो ठरलाच. कुणी छेडलं तर पोटावरून हात फिरवतो आणि म्हणतो, "काय करणार, सुटलो त्या दिवशी."

खरं एवढंच. वाट्या बुटांच्या खोक्यांत ठेवल्या होत्या आणि त्यांना बुटांचा वास लागला होता. करणारीला वास येत नव्हता. हे मोठ्या बाईंना कळू नये म्हणून तो खात होता. त्यांना कळलं.